उलुरूला जाताय? आधी घरमालक कोण ते समजून घ्या

मेलबर्नला आई-बाबा आले की फिरवायची यादी ठरलेली असते, ग्रेट ओशन रोड, पेंग्विन, सिडनीला जाऊन ऑपेरा हाऊससमोर फोटो, आणि सुट्टी आणि पैसे दोन्ही उरले तर मग ऑस्ट्रेलियाच्या पोटातला तो लाल डोंगर, उलुरू. आम्ही गेल्या वर्षी जुलैत जाऊन आलो, मी, नवरा, लेक आणि कराडहून आलेले आई-बाबा, आणि तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतंच की अगं उलुरूचं सांग ना, वर चढायला किती वेळ लागतो, सासऱ्यांना झेपेल का. प्रत्येकाला वेगळं टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

तर पहिलं उत्तर, वर चढता येत नाही. २६ ऑक्टोबर २०१९ पासून कायमचं बंद आहे. अजूनही काही जुन्या ट्रिप-आयटनरीत "क्लाइंब ऑप्शनल" असं लिहिलेलं सापडतं (आम्हालाच एका एजंटने पाठवलं होतं!), असं दिसलं की समजायचं यांनी पाच-सहा वर्षांत पान बदललेलं नाही, दुसरा एजंट बघा.

आणि ते बंद कोणी केलं, का केलं, हे नीट कळलं ना की बाकी ट्रिपमध्ये कुठे काय करायचं नि काय नाही हे वेगळं पाठ करावं लागत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते. ज्यांना फक्त तिकीट-हॉटेल हवंय त्यांनी थोडं खाली जा.

सातबारा कोणाच्या नावावर

आपल्याला नॅशनल पार्क म्हटलं की सरकारी जागा वाटते. इथे तसं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबारा अनंगू लोकांच्या नावावर आणि सरकार भाडेकरू. अनंगू म्हणजे तिथले मूळ लोक, पिटजंजारा आणि यंकुनिजारा भाषा बोलणारे, इंग्रजीत ज्यांना ट्रॅडिशनल ओनर्स म्हणतात ते. २६ ऑक्टोबर १९८५ ला गव्हर्नर-जनरल सर निनियन स्टीफन यांनी उलुरूच्या पायथ्याशी कार्यक्रमात मालकीचे कागद त्यांच्या हातात दिले, आणि अनंगूंनी लगेच तीच जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने नॅशनल पार्क्सच्या डायरेक्टरला परत दिली, म्हणजे २०८४ पर्यंत. याला इथे जॉइंट मॅनेजमेंट म्हणतात. पार्कच्या बोर्डावर १२ जण असतात आणि त्यातले ८ अनंगू, ४ बायका ४ पुरुष. म्हणजे मतदान झालं तर घरमालकाचं पारडं जड, निदान कागदावर तरी. भाड्याची ठरलेली रक्कम मिळते ती वेगळी, शिवाय तुमच्या तिकिटाच्या पैशातले २५ टक्के अनंगूंकडे जातात.

आता हे सगळं गोड वाटतंय पण मधे एक गोम आहे. १९८३ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी जमीन परत द्यायची घोषणा केली तेव्हा दहा कलमं होती, भाडेपट्टा ५० वर्षांचा आणि डोंगरावर चढणं बंद, हे पण त्यात होतं. कागद हातात पडेपर्यंत ५० चे ९९ झाले आणि चढणं चालू ठेवायचं अशी अट आली. घ्यायचं तर घ्या! अनंगूंनी घेतलं, आणि मग वर्षानुवर्षं नुसती विनंती करत राहिले की प्लीज चढू नका.

का चढू नका, तर ती वाट म्हणजे त्यांच्या कथेतल्या माला (कांगारूसारखा एक छोटा प्राणी) पूर्वजांची वाट, साध्यासुध्या माणसाने चढायची नाहीच. दुसरं कारण मला जास्त लागलं. १९५० च्या दशकापासून त्या चढणीवर निदान ३७ माणसं दगावली, आणि अनंगूंच्या दृष्टीने आपल्या जागेत आलेला पाहुणा मेला तर ते आपल्याला लागतं, आपण त्याला सांभाळलं नाही असं होतं. हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आपल्याच दारात कुणी पडल्यासारखं."

चढणाऱ्यांना ते "मिंगा" म्हणायचे. मिंगा म्हणजे मुंग्या. लांबून बघितलं की लाल पाठीवर काळ्या ठिपक्यांची रांग, अगदी बरोबर नाव.

२०१० च्या मॅनेजमेंट प्लॅनमध्ये लिहून ठेवलं होतं की चढणारे २० टक्क्यांच्या खाली आले तर कायमचं बंद करायचा विचार करू, आणि ते १६ टक्क्यांच्या आसपास आले. १ नोव्हेंबर २०१७ ला बोर्डाने एकमताने ठराव केला. तेव्हाचे चेअरमन सॅमी विल्सन अनंगूच, ते तेव्हा बोलले त्याचा मतलब एवढाच होता की ही जागा आमच्यासाठी फार मोठी आहे, डिस्नेलँड नाहीये. तारीख मुद्दाम २६ ऑक्टोबर ठेवली, जमीन परत मिळाली तीच. शेवटच्या दिवसांत चढायला तोबा गर्दी झाली, तुम्ही तेव्हाचे फोटो बघितले असतील. आता चढताना धरायची साखळी आणि खांब काढलेत पण दगडावर पायांनी घासून पडलेला पांढुरका पट्टा अजून दिसतो, माला वॉकच्या पार्किंगमधून वर बघा.

तिकीट, राहणं, गाडी

विमान शोधताना उलुरू टाकून सापडलं नाही तर एअर्स रॉक टाका, विमानतळाचं नाव अजून तेच आहे. (विल्यम गॉस नावाच्या सर्व्हेयरने १८७३ मध्ये डोंगराला साउथ ऑस्ट्रेलियातल्या हेन्री एअर्स यांचं नाव दिलं. डोंगराला नाव नव्हतं असं थोडंच, पण असो.) सिडनी आणि मेलबर्नहून थेट फ्लाइट मिळते. काही लोक स्वस्त पडेल म्हणून ॲलिस स्प्रिंग्जला उतरतात आणि मग त्यांना कळतं की तिथून उलुरू जवळजवळ ४५० किलोमीटर आहे. नकाशावर शेजारी दिसतं, पण पाच तास गाडी हाणायची, रस्ता सरळसोट आणि अंधार पडला की कांगारू आणि रानटी उंट रस्त्यावर. भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स रात्रीच्या ड्रायव्हिंगला चालतो का ते आधी वाचा, बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

राहायचं पार्कच्या बाहेर युलारा गावात. पार्कमध्ये एकही हॉटेल नाही, कॅम्पिंग नाही, तंबू नाही. पूर्वी होती, डोंगराच्या अगदी बुडाशी मॉटेलं होती, ती ८० च्या दशकात तिथून हलवली. युलारा महाग आहे, त्याला इलाज नाही, पण सुपरमार्केट आहे, आणि किचनवाली खोली घेतली तर चार जणांचा बराच खर्च वाचतो. आम्ही भडंग आणि मेथीचे ठेपले घरून नेले होते, तीन दिवस नाश्ता तोच.

पार्कचं तिकीट ऑनलाइन काढा, मोठ्या माणसाला ३८ डॉलर, तीन दिवस चालतं, १८ च्या आतल्यांना फुकट. जायच्या आधी पार्कच्या साइटवर रेट आणि गेटची वेळ दोन्ही बघून घ्या, गेटची वेळ महिन्यागणिक बदलते, सूर्योदयाच्या थोडं आधी उघडतं आणि अंधार पडल्यावर बंद. सूर्यास्ताचे फोटो काढत बसून शेवटी धावत सुटायची वेळ आणू नका.

कधी जायचं तर मे ते सप्टेंबर. डिसेंबरच्या सुट्टीत जाऊ नका असं सांगून मी दमले. पारा ४० च्या वर जातो, लांबच्या वाटा उन्हामुळे अकरालाच बंद करतात, आणि तुम्ही एवढे पैसे घालून एसीत बसता.

पहिला तास कल्चरल सेंटरला द्या

सगळे काय करतात, विमानातून उतरले की सूर्यास्त पॉइंट, दुसऱ्या दिवशी सूर्योदय पॉइंट, मधे एक चक्कर, संपलं. मी म्हणेन आधी कल्चरल सेंटर. १९९५ मध्ये जमीन परत मिळाल्याला दहा वर्षं झाली तेव्हा उघडलं, मातीच्या विटांचं वळणावळणाचं बांधकाम, त्याचा आकारच कुनिया आणि लिरू या दोन सापांवरून घेतलाय. आत फोटो काढायचे नाहीत. हे वाचून माझ्या नवऱ्याचा चेहरा पडला होता, पण खरं सांगते, एक तास फोन खिशात असला ना की लेकसुद्धा बोर्ड वाचते.

तिथे जुकुर्पा हा शब्द सगळीकडे भेटेल. त्याचं "ड्रीमटाइम" असं भाषांतर लोक करतात, ते फार पुचाट वाटतं. कायदा, धर्म, नातेसंबंध, जमिनीचा नकाशा, कुठलं झाड कधी खायचं, कोणी कोणाशी लग्न करायचं, हे सगळं एकत्र म्हणजे जुकुर्पा. पार्कच्या मॅनेजमेंट प्लॅनचा पायासुद्धा तोच मानलेला आहे, नुसता शोभेला टाकलेला शब्द नाही.

खरेदी करायची तर इथेच मारुकूच्या दुकानात करा, ते अनंगू कलाकारांचंच आहे. लाकडाचे सरडे, वाट्या, त्यांवर बारीक काळ्या रेघा असतात, त्या रंगाच्या नाहीत, तार विस्तवात लाल करून लाकडावर टेकवत टेकवत काढतात. बाहेर एक बाई बसून करत होत्या, तार टेकली की चर्र आवाज यायचा आणि धुराचा वास, आई पंधरा मिनिटं हलली नाही. विमानतळांवर मिळणारं बूमरँग बऱ्याचदा कुठल्या तरी भलत्याच देशातल्या फॅक्टरीत बनलेलं असतं, ते घेऊन काय करायचंय.

चालायचं कुठे

पूर्ण डोंगराभोवती फेरी (बेस वॉक) १०.६ किलोमीटरची आहे, साडेतीन तास धरा, सपाट आहे पण सावली कमी. आम्ही आई-बाबांना घेऊन पूर्ण केली नाही, तुकड्यातुकड्याने केली आणि तेच बरं झालं. (बाबा मात्र प्रदक्षिणा अर्धीच राहिली म्हणून अजून कुरकुरतात.)

माला वॉक जाऊन-येऊन दोन किलोमीटर, तिथे रेंजर फुकट घेऊन जातात, वेळ ऋतूप्रमाणे बदलते. हे चुकवू नका. आमच्याबरोबरचा रेंजर गोरा होता, त्याने पहिल्याच वाक्यात सांगितलं की मी अनंगू नाही, मला जेवढं सांगायची परवानगी आहे तेवढंच सांगेन. पुढे कोणीतरी गुहेतल्या चित्रांचा "खरा अर्थ" काय म्हणून खोदून विचारलं, तर म्हणाला मला माहीत नाही, आणि माहीत असता तरी सांगायचा अधिकार माझा नाही. गावाकडे पूजा सांगणारे गुरव-भगत असतात ना, त्यांच्यातल्या काही गोष्टी बाहेर बोलायच्याच नसतात, तसं. आपल्याला बाहेरच्या माणसाला बालवाडीच्या पातळीची गोष्ट सांगतात, पुढचं ज्ञान वयाने, दीक्षेने, बाई की पुरुष यावर. त्यात राग मानायचं काही नाही.

दुसरी कुनिया वॉक, जाऊन-येऊन एकच किलोमीटर, मुटिजुलू पाणवठ्यापर्यंत, व्हीलचेअर जाते. इथली गोष्ट लेकीला तोंडपाठ झालीय. कुनिया म्हणजे अजगरीण, तिच्या भाच्याला लिरूंनी, म्हणजे विषारी सापांनी, भाल्यांनी मारलं. ती चिडून आली, एका लिरूने तिची थट्टा केली, तर हातातल्या खणायच्या काठीने तिने त्याला दोन तडाखे हाणले, एक छोटा, दुसरा जिवावरचा. आणि मग मान वर केली की समोर कातळावर त्या दोन चिरा दिसतात, एक लहान एक मोठी. गोष्ट वाचून मग वर बघायचं, उलटं नाही, नाहीतर ती नुसती भेग वाटते.

काटा जूटा विसरू नका, तेही याच पार्कात, ३६ दगडी घुमट, उलुरूपेक्षा उंच. वालपा घळीतली वाट सोपी. व्हॅली ऑफ द विंड्स खडी आहे, गुडघे बघून ठरवा. ३६ डिग्रीचा अंदाज असला की त्या वाटेचा पुढचा भाग सकाळी अकराला बंद होतो, तिथे रेंजरशी हुज्जत घालू नका.

फोटोचं काय

बहुतेक ठिकाणी चालतं. पण बेस वॉकवर काही पट्ट्यांत बोर्ड आहेत, इथून पुढे फोटो नको, आणि ते पट्टे डोंगराच्या फार सुंदर बाजूला आहेत, हात शिवशिवतात. कारण असं की त्या कातळावरचा एकेक खड्डा, एकेक सुरकुती म्हणजे पोथीचं पान. काही पानं फक्त बायकांची, काही फक्त पुरुषांची. ज्याने बघायचं नाही त्याच्या डोळ्यांसमोर ते यायला नको, आणि एकदा तुमच्या इन्स्टावर गेलं की कोणाकोणाच्या डोळ्यांसमोर येईल सांगता येतं का? गाभाऱ्यात मोबाइल बंद ठेवतो तसं समजा. ड्रोन अजिबात नेऊ नका. आणि माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे खरं तर लिहावं लागू नये.

एक वेगळी गोष्ट, तिथे काही बोर्डांवर किंवा व्हिडिओच्या आधी सूचना असते की यात वारलेल्या माणसांचे आवाज किंवा चित्रं असू शकतात. अनंगूंमध्ये माणूस गेला की त्याचं नाव बराच काळ उच्चारत नाहीत, त्याच नावाच्या दुसऱ्या जिवंत माणसालाही तेवढा काळ "कुन्मनारा" म्हणतात. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालून दिवाणखान्यात लावायची पद्धत, बरोबर उलटं, म्हणून आधी माहीत असलेलं बरं.

खिशातला दगड

हे लिहायचं म्हणूनच बहुतेक एवढं सगळं लिहितेय. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीवर बाबांनी शर्टाच्या खिशातून चष्म्याची केस काढली आणि त्यातून सुपारीएवढा लाल खडा टेबलावर ठेवला. देवघरात ठेवायला. नर्मदेचा गोटा आहे, गंगेचं पाणी आहे, तसा हा. त्यांच्या मनात भक्तीच होती हो, चोरी नव्हती, आणि म्हणूनच मला काय बोलावं कळेना.

पार्कमधून दगड, वाळू, काहीही बाहेर न्यायचं नाही, कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा मजेशीर गोष्ट म्हणजे वर्षानुवर्षं जगभरातून लोक हे दगड पोस्टाने परत पाठवतात, माफीची चिठ्ठी लिहून, त्यांना "सॉरी रॉक्स" असंच नाव पडलंय. आणि परत आलेला दगड ही पार्कवाल्यांना अजून एक कटकट, कारण तो नक्की कुठून उचलला होता हे कोणाला माहीत नसतं, आणि इथला दगड तिथे ठेवून चालत नाही, जागेला अर्थ आहे.

मी हे सांगितलं तर बाबा गप्प. तेवढ्यात आई बोलली, तिचं माहेर सावंतवाडीकडचं, "आमच्या राईतली वाळलेली काटकी पण कोणी चुलीला आणत नाही, तुम्ही दगड आणलात." देवराई ज्याने बघितलीय त्याला उलुरू समजवायला तीन वाक्यं पुरतात, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. सकाळी परत कुनियाच्या पार्किंगला गेलो, बाबांना जागा बरोबर आठवत होती, बाकाच्या डावीकडे, तिथे खाली बसून ठेवला.

म्हणून म्हणते, ज्येष्ठ मंडळींना घेऊन जात असाल तर हे विमानातच सांगा, आणि "नियम आहे" म्हणून नका सांगू, देवराईचं सांगा.

"पण तिथे ॲबओरिजिनल लोक दिसलेच नाहीत"

हे वाक्य परत आलेल्या दहातल्या सहांकडून ऐकलंय. अहो ते बघायची वस्तू आहेत का? डोंगराच्या पूर्वेला मुटिजुलू वस्ती आहे, पार्कच्या आतच, लोक राहतात, मुलं शाळेत जातात, तिथे परवान्याशिवाय जायचं नाही, बोर्ड दिसला की गाडी वळवा. कोणी भेटलं तर "पल्या" म्हणा, नमस्कार, ठीक, बाय, सगळ्याला चालतं. गाइडला प्रश्न विचारायचे तर गुपितं विचारू नका, जमीन कशी सांभाळता ते विचारा, मग बघा कसे खुलतात.

कारण जॉइंट मॅनेजमेंट बोर्डाच्या मीटिंगपुरतं नाही, ते गवतात दिसतं. उदाहरण आगीचं. अनंगू थंडीच्या दिवसांत छोटे छोटे तुकडे जाळायचे, इथे थोडं, तिथे थोडं, त्यामुळे माळावर वेगवेगळ्या वयाचं गवत राहायचं आणि उन्हाळ्यात वीज पडून वणवा लागला तरी जळालेल्या पट्ट्याशी येऊन थांबायचा. लोकांना तिथून हुसकलं, १९५८ मध्ये तो भाग त्यांच्या राखीव क्षेत्रातून काढून पार्क केला, जाळणं थांबलं, स्पिनिफेक्सचं गवत माजलं आणि १९७६ च्या वणव्यांनी पार्कचा तीन चतुर्थांश भाग गेला. मग शहाणपण आलं. आता म्हाताऱ्या अनंगूंना विचारून, त्यांना बरोबर घेऊन तुकडे जाळतात. कोकणातल्या माणसाला भाजावळ आठवेल, पण हे शेतासाठी नाही, सरडे-उंदीर-गवत जगावं म्हणून. तुम्हाला रस्त्याकडेला काळा पट्टा दिसला तर अरेरे म्हणू नका, मुद्दाम केलेलं असेल.

तसंच टजाकुरा नावाचा मोठा वाळवंटी सरडा, बिळात राहतो. तो किती उरलाय हे मोजायला अनंगू बायका-पुरुष बिळाच्या तोंडाशी बसून माग वाचतात, हे नवं बीळ, हे सोडलेलं, आत पिल्लं आहेत. शास्त्रज्ञ ते लिहून घेतात. आणि माला, ज्याच्यावरून ती वाट, तो छोटा वॉलाबी इथून नाहीसाच झाला होता, २००५ मध्ये कुंपण घालून परत आणला.

उलुरू परवडत नसेल तर

खर्च बघून डोळे पांढरे झाले असतील तर तुमच्या शहराजवळ असंच काही आहे का बघा, बहुतेक आहे.

मेलबर्नवाल्यांनो, ग्रेट ओशन रोडला दरवर्षी जाता, यावेळी बारा ॲपोस्टलला यू-टर्न न मारता पुढे बज बिमला जा. गुंडिचमारा लोकांनी लाव्हाच्या दगडांत पाट खणून, बांध घालून वाम पाळायची सोय केली होती, तीही ६,६०० वर्षांपूर्वी, २०१९ मध्ये जागतिक वारसा झाला. टे रॅक तळ्याकाठी त्यांचं सेंटर आहे, टूर त्यांचेच लोक देतात, तिथे वामही खायला मिळते. मालवणी मंडळी, ऐकताय ना?

सिडनीवाल्यांसाठी जर्व्हिस बेचं बुडेरी, तीन तासांवर. पांढरी वाळू बघायला सगळे जातात पण तो पार्क तिथल्या मूळ लोकांच्या रेक बे समाजाच्या मालकीचा आहे, १९९५ पासून, आणि आतलं बोटॅनिकल गार्डन पण त्यांचंच.

केर्न्सला ग्रेट बॅरियर रीफसाठी जाणारे बरेच असतात, त्यांनी एक दिवस मॉसमन गॉर्जला ठेवा. डेंट्री नॅशनल पार्क २०२१ मध्ये ईस्टर्न कुकू यलंजी लोकांच्या मालकीचा झाला. त्यांच्या गाइडबरोबरची फेरी घ्या, सुरुवातीला धुरी देऊन आत नेतात, मग कुठल्या पानाला पाणी लावून चोळलं की साबणासारखा फेस येतो ते दाखवतात.

डार्विनकडे गेलात तर कॅथरिनजवळ नितमिलुक, जावॉइन लोकांना १९८९ मध्ये परत मिळाला, घळीतल्या बोटी त्यांच्याच कंपनीच्या. आणि काकाडू. काकाडूचं मात्र एक सांगून ठेवते, म्हणजे सगळं आलबेल असतं असा समज नको. तिथेही बोर्डावर मूळ मालकांचं बहुमत आहे, तरी २०१९ मध्ये गनलॉम धबधब्याजवळ पवित्र जागेपाशी परवानगी न घेताच पायवाट बांधली गेली, आणि बांधली कोणी, तर पार्क चालवणाऱ्या सरकारी खात्यानेच. जागा बंद झाली, खटला पार हायकोर्टापर्यंत गेला (इथलं हायकोर्ट म्हणजे आपल्या सुप्रीम कोर्टासारखं, सगळ्यात वरचं), आणि २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की पवित्र जागांचा कायदा या खात्यालाही लागू होतो. भाडेकरूने घरमालकाला न विचारता भिंत पाडावी तसं झालं. त्यामुळे जुन्या ब्लॉगमधला गनलॉमच्या तळ्याचा फोटो बघून प्लॅन करू नका, कुठली जागा उघडी आहे ते जायच्या आठवड्यात परत बघा.

बाबांना हे सगळं ऐकून मेंढा-लेखा आठवलं. गडचिरोलीतलं गोंडांचं गाव, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" वालं, २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये साधारण १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला त्यांनी. दोन्हीकडचे कायदे वेगळे आहेत, तिथे भाडेपट्टा वगैरे नाही आणि तो नॅशनल पार्कही नाही, ग्रामसभा थेट कारभार करते. पण बाबांचा हिशोब सरळ होता, म्हणाले मग मेंढ्याच्या लोकांचं जास्त चांगलं की, ९९ वर्षं वाट बघायला नको. मला त्यावर उत्तर देता आलं नाही.

जाता जाता

पाणी तासाला माणशी एक लिटर या हिशोबाने, उन्हाळ्यात तर नक्कीच. माशांसाठी तोंडावरची जाळी युलाराला मिळते, ऑक्टोबरनंतर ती लागतेच, लाज वाटली तरी घाला, सगळेच घालतात. जुलैत माशा नसतात पण पहाटे थंडी शून्याच्या आसपास असते हे कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं, वाळवंट म्हणून आईने फक्त सुती साड्या आणल्या होत्या आणि सूर्योदय तिने माझं जाकीट, नवऱ्याचं मफलर आणि हॉटेलचा टॉवेल गुंडाळून बघितला. कानटोपी न्या.